केबलमधल्या झिणझिण्या

अप्पांचा जुना कॉम्प्युटर म्हणजे एक जाडजूड कीबोर्ड. सगळं यंत्र त्याच्याच पोटात. तो टीव्हीला जोडायचा आणि कॅसेटवरून प्रोग्रॅम चढवायचे. आकुर्डीच्या कंपनीतून घरी आले की अप्पा त्यावर माझ्यासाठी गणिताचे खेळ लिहायचे. आता त्या कॅसेटी खराब व्हायला लागल्या होत्या. म्हणून गेल्या हिवाळ्यात एका रविवारी सकाळी, काळेवाडीतल्या आमच्या फ्लॅटमध्ये, मी त्या कॉम्प्युटरपासून माझ्या लॅपटॉपपर्यंत सिरियल केबल टाकायला घेतली. उरलंसुरलं तरी लॅपटॉपवर उतरवून घ्यायचं होतं.

अप्पांनी केबलचं टोक उचललं आणि लगेच सोडून दिलं.

"चावतंय गं हे."

"अप्पा, यात चावण्याएवढी वीज नसतेच."

मी चाकणच्या कंपनीत विजेच्या वस्तूंच्या टेस्टिंगला आहे, त्यामुळे ठामपणे बोलले आणि बोट लावलं. कोपरापर्यंत झिणझिण्या गेल्या.

लॅपटॉपचा चार्जर काढला की काही नाही, लावला की पुन्हा तेच. टेस्टर केबलच्या टोकाच्या पत्र्याला टेकवला तर दिवा लागला. मग फ्रिजच्या बिजागरीला टेकवला. तिथेही लागला.

मी खाली मीटरच्या खोलीत गेले. पार्किंगला नवीन फरशी बसवताना कुणीतरी अर्थिंगची तार तोडून ठेवली होती. सगळ्या घरांची अर्थिंग एकमेकांना जोडलेली होती, पण जमिनीत जातच नव्हती. म्हणजे एका कुठल्या तरी घरातला करंट बिल्डिंगभर फिरत होता. थंडीचे दिवस, आंघोळीची वेळ. मला गीझरचीच शंका आली.

अप्पांना फोन करून टेस्टर फ्रिजला टेकवून धरायला सांगितलं आणि मी दारं वाजवत जिना चढत गेले. लोक वैतागून गीझर बंद करत होते आणि मी फोनवर अप्पांना विचारत होते, "गेला का दिवा?"

"नाही गं."

आमच्या वरच्याच घराचं दार कुणी उघडेना. आत पाणी पडत होतं. मी बेल दाबूनच धरली. पाण्याचा आवाज थांबला. मग बराच वेळ काहीच नाही. मी दारावर थापा मारायला लागले.

शेवटी तिथल्या वहिनींनी दार उघडलं. डोक्याला टॉवेल गुंडाळलेला. "काय झालं गं एवढं?"

मी सरळ आत जाऊन गीझरचं बटण बंद केलं. फोनवर अप्पा म्हणाले, "गेला."

वहिनींना सगळं सांगितलं, तर त्यांना नवल वाटलं नाही. "व्हय, नळाला शॉक बसतोय की. दिवाळीपासनं. आमी चपला घालूनच आंघोळ करतो. पोरांनाबी तसंच सांगितलंय."

दुपारी वायरमनने तार जोडली आणि त्यांचा गीझर काढून ठेवला. पुढच्या रविवारी केबल नीट चालली. अप्पांचे थोडे प्रोग्रॅम उतरले, बाकीच्यांची नुसती निरर्थक अक्षरं आली.

त्याच संध्याकाळी सोसायटीची मीटिंग होती. आणखी कुणाला शॉक बसत होता का, असं मी विचारलं. अर्ध्याहून जास्त हात वर गेले. मग विषय पार्किंगच्या जागेवर गेला.