साचा परत आला

हिलाल भगताला पितांबरशेठनं खांदे पाहून कारखान्यात घेतलं, असं गावात सांगतात, आणि ते अगदीच खोटं नाही. अठ्ठ्याऐंशी सालची गोष्ट. चैत्र पौर्णिमेला गिरणेकाठच्या त्या गावात खंडेरावाची यात्रा होती आणि शेठ जळगावहून खास बारागाड्या पाहायला आला होता. एकामागे एक बांधलेल्या बारा बैलगाड्या. बैल एकीलाही नाही. प्रत्येक गाडीत माणसं इतकी दाटून उभी की खाली पडायलासुद्धा जागा नाही. आणि पहिल्या गाडीच्या जूला पाठ लावून, गाड्या ओढणारा देवाचा भगत म्हणून, एकटा हिलाल. दोन बाजूंनी दोन बगले त्याचे दंड धरून पळत होते, भंडारा उधळत होता, ‘यळकोट यळकोट’ चालू होतं आणि गाड्या कडकडत थेट देवळापाशी जाऊन थांबल्या.

शेठनं घाम पुसला. न ओढताच त्याला घाम आला होता! शेजारच्या म्हाताऱ्याला म्हणाला, “अहो, इतकी माणसं याच्या भरवशावर चढतात कशी? दोर तुटला तर?”

म्हातारा हसला. “दोर तुटी, भाऊ. पन भगतना शबद तुटस नही. त्यानी सांगं बठा, की बठ्ठा बठतस.”

भगत ‘बसा’ म्हणाला की सगळे बसतात, हे शेठच्या मनात पक्कं बसलं.

आता पितांबरशेठ कोण, ते सांगायला हवं. जळगावच्या एमआयडीसीत त्याचा प्लॅस्टिक पाइपांचा कारखाना. पैका बरा, पण जीव पाइपात रमेना. त्याला मोटार बनवायची होती, तीही साधी नाही. दोनच माणसांची, जमिनीला घासून जाणारी, शर्यतीच्या गाडीसारखी. इंजिन बाहेरून विकत आणायचं आणि वरचं अंग फायबरचं, इथंच साच्यात घडवायचं. नावही ठरलं होतं, ‘वारू’. साच्याचं काम जाणणारा माणूस तेवढा मिळत नव्हता. यात्रेत सोंगांचे मुखवटे नाचले ते शेठनं हातात घेऊन पाहिले. कागदाच्या लगद्यात मेथीचं पीठ घालून केलेले, चापट मारली तर टणटण वाजणारे. “कोण करतं हे?” विचारलं, तर लोकांनी पुन्हा हिलालकडेच बोट दाखवलं.

हिलाल आठ दिवसांत कामाला लागला. लगद्याच्या जागी काचेची मॅट आली, मेथीच्या जागी रेझिन आलं आणि नाकातोंडात खाज आली. बाकी काम तेच. पहिल्या गाडीचा प्लॅस्टरचा नमुना त्यानंच घासला. चार महिने घासला. डाव्या दिव्याखाली, जिथं कुणाची नजर जात नाही, तिथं ओल्या प्लॅस्टरवर त्याचा अंगठा रुतला. पुसणार होता, पण पुसला नाही. त्या नमुन्यावरून साचा घेतला आणि त्या साच्यातून निघणाऱ्या प्रत्येक वारूच्या गालाखाली हिलालच्या अंगठ्याएवढी खळी उतरत गेली. ही गोष्ट त्यानं फक्त सुकदेवला सांगितली.

सुकदेव त्याच्याच गावचा. कारखान्यात फिटर. रोज पेपर वाचणारा आणि वाचलेल्यातलं काहीही खरं न मानणारा. तो हिलालला चिडवायचा, “हिलालभाऊ, शेठ तुले गाडी देवाव नही. ओढाले लावी!”

पहिली वारू रस्त्यावर निघाली तो दिवस काय वर्णावा! पिवळी धमक गाडी, उंची माणसाच्या कमरेएवढी. पाळधीच्या रस्त्याला एका बैलजोडीनं तिला पाहिलं आणि सरळ कपाशीत उडी घेतली. गाडीवान ओरडत आला, पण जवळ आल्यावर राग विसरला आणि वाकून आत बघत म्हणाला, “हाई बठ्ठं ठीक, पन जू कोठे शे?” शेठ उतरायला गेला, तर पोट चाकाखाली अडकलेलं, स्टिअरिंगच्या. हिलालनं त्याला काखेत धरून बाहेर ओढला. सगळे हसले, शेठ सगळ्यांत जास्त. पुढं कंपनीची रंगीत पुस्तिका निघाली. तिच्यात हिलालचा फोटो होता. खांद्यावर जू, मागं वारू. खाली छापलेलं, ‘खानदेशची ताकद’. भागाबाईनं, म्हणजे हिलालच्या बायकोनं, तो फोटो कापून देवाजवळ लावला.

दर यात्रेला कारखान्यातली माणसं गावी यायची आणि पहिल्या गाडीत चढायची. पहिली गाडी वारूवाल्यांची, असं ठरूनच गेलं.

चार वर्षं बरी गेली. मग गिऱ्हाईक गाडीसाठी वर्ष वर्ष थांबायला तयार होईना. इंजिन देणारे आधी रोकडा मागू लागले, बँकेनं हात आखडला. अंगणात बिनइंजिनाच्या वारू ओळीनं उभ्या राहिल्या आणि त्यांच्या पोटात कुत्री व्याली. ब्याण्णवच्या दिवाळीआधी एका शनिवारी चौदा माणसं घरी गेली. रंगवाला वना त्यातच. जाताना ब्रश धुऊन, पुसून, जागेवर ठेवून गेला.

उरलेली तीस माणसं हिलालभोवती जमली. हिलाल शेठकडे गेला आणि येऊन म्हणाला, “शेठ सांगस, आते आजून कोनले काढाव नही.”

“लिखी दिधं का?” सुकदेवनं विचारलं.

“बोलना ना तो.”

“बोलना!” सुकदेव म्हणाला आणि बिडी शिलगावली.

त्र्याण्णवच्या माघात, भर दुपारी, फाटकात ट्रक येऊन उभा राहिला. साचा न्यायला. पुण्याला पॉलिशला पाठवायचाय, असं शेठचं म्हणणं. आता लक्षात घ्या, त्या कारखान्यात साचा म्हणजेच कारखाना. छप्पर, भिंती, पंखे कुठंही मिळतात. साचा आहे तोवर वारू इथं बनणार आणि वारू इथं बनते तोवर तीस घरांची चूल पेटणार. सुकदेवनं माणसं फाटकात आडवी बसवली.

“शेठ, कागद करा. सालभर कोणाला काढणार नाही आणि या साच्याचं काम दुसरीकडे होणार नाही, एवढं लिहून द्या. मग खुशाल न्या.”

शेठनं तास-दीड तास घासाघीस केली. शेवटी मुनीमाला पाठवून स्टँपपेपर आणवला, टाइप करवला. फाटकातच ट्रकच्या बॉनेटवर कागद ठेवला आणि पेनाचं टोपण काढलं.

आणि तिथं हिलाल पुढं झाला.

त्याला ते सगळं बघवेना. पाच वर्षं ज्याचं मीठ खाल्लं, त्याला चोरासारखं फाटकात धरून सही करायला लावायची! शिवाय त्याच्या हिशेबी कागद ही हलकी चीज. कागद भिजतो, जळतो, कोर्टात वर्षानुवर्षं पडून राहतो. त्याच्या गावात शेताच्या बांधावरून डोकी फुटायची वेळ आली, तरी बेलभंडारा उचलून देवाची शपथ घेतली की भांडण तिथंच मिटायचं. भंडारा उचलून खोटं बोलणारा माणूस त्यानं जन्मात पाहिला नव्हता.

“ऱ्हावू दे रे तो कागद,” तो सुकदेवला म्हणाला. मग शेठकडे वळला. “शेठ, त्यापेक्षा देवाचा भंडारा उचला. आम्हाला पुरे.”

साचाघरात खंडेरावाचा फोटो होता. तिथून त्यानं भंडाऱ्याची वाटी आणि बेलाचं पान आणलं. शेठनं पेनाचं टोपण लावलं. ते किती पटकन लावलं, हे हिलालला पुढं फार आठवायचं.

“काय म्हणू?” शेठनं विचारलं.

शब्द हिलालनंच सांगितले. “म्हणा, साचा पंधरा दिवसांत याच दारात परत येईल.”

“साचा पंधरा दिवसांत याच दारात परत येईल,” शेठ म्हणाला. तळहातावर बेल, बेलावर भंडारा. आवाज जरासुद्धा हलला नाही.

“व्हयनं!” हिलालनं माणसांकडे पाहिलं. “आते मन्हा शबद शे. उठा.”

माणसं उठली. शेठसाठी नाही, हिलालसाठी. सुकदेव सर्वांत शेवटी उठला. बिनसहीचा तो स्टँपपेपर वाऱ्यानं खाली पडला होता. त्यानं तो उचलला, चार घड्या केल्या आणि खिशात घातला.

चौदाव्या दिवशी साचा परत आला. खरंच आला! ट्रक फाटकात शिरला तसा हिलाल लहान मुलासारखा धावला. नारळ फोडला. खोबऱ्याचा पहिला तुकडा सुकदेवच्या तोंडात कोंबत म्हणाला, “खाय! तुन्हा कागद खाय आते!” सुकदेवही हसला. खूप दिवसांनी साचाघरात हसणं ऐकू आलं.

संध्याकाळच्या आत काम सुरू करायचं म्हणून हिलाल साचा पुसायला बसला. फडक्यानं पुसत पुसत डाव्या दिव्याच्या कोपऱ्यात आला. अंगठ्याच्या त्या खुणेच्या कडेला नखाएवढा रंग चिकटला होता. लाल.

त्यांच्या कारखान्यात वारू दोनच रंगांत बनायची, पिवळी आणि पांढरी.

पॉलिशला गेलेल्या साच्यात रंग कुठून येईल? साच्यात रंग लागतो तो अंग भरतानाच. म्हणजे या साच्यातून कुणीतरी एक अंग काढलं होतं. आणि एक अंग हातात आलं, की त्याच्यावरून दुसरा साचा घेणं हे आठवड्याचं काम. हे हिलालला कुणी शिकवायला नको होतं. एका मुखवट्यावरून दहा मुखवटे त्यानं स्वतःच किती वेळा केले होते.

तो तसाच माखलेल्या हातांनी शेठच्या केबिनमध्ये गेला. लाल टवका टेबलावर ठेवला.

शेठनं तो पाहिला. उचलला नाही. “हिलाल, साचा आला की नाही?”

“आला.”

“पंधरा दिवसांत आला?”

“चौदा.”

“याच दारात?”

हिलालनं तो टवका शेठच्या पुढं सरकवला.

“मग मी देवाशी खोटं बोललेलो नाही,” शेठ हळूच म्हणाला. त्याच्या बोलण्यात कुर्रा नव्हता, हेच वाईट. खरोखर सुटका झाल्यासारखा बोलला. “तू सांगितलंस तेवढंच मी बोललो. त्याच्या पलीकडचं तू मागितलं नाहीस.”

सोमवारी फाटकाला कुलूप होतं.

माणसं फाटकाबाहेर उभी राहिली. शेठला शिव्या घालून झाल्या, मग सगळे हळूहळू हिलालकडे बघू लागले. कुणी वाकडा शब्द काढला नाही. काढला असता तर बरं झालं असतं. घरी भागाबाईनं भाकरी वाढता वाढता एकच विचारलं, “तो सही करी ऱ्हायंता ना? मंग तुम्हीन काब्रं आडवा गयात?” हिलालनं भाकरी मोडली आणि तशीच ताटात ठेवली. दुसऱ्या दिवशी देवाजवळचा पुस्तिकेतला फोटो दिसला नाही. तो काय झाला, हे त्यानंही विचारलं नाही.

महिन्याभरानं तो काम शोधायला धुळ्याला गेला. पाण्याच्या टाक्या बनवणारा कुणी होता, त्याच्याकडे. तिथं काम नव्हतं. परतताना आग्रा रोडवरच्या एका हॉटेलापुढं लाल वारू उभी दिसली. भोवती पाच-पन्नास माणसं. नवी कोरी. हिलाल गर्दीत शिरला आणि गुडघ्यावर बसून डाव्या दिव्याखाली हात घातला. अंगठा बरोबर बसला.

“ए बाबा, काय करतोस?” गाडीवाला ओरडला.

“कुठं बनते ही?”

“गुजरातेत. नवीन कंपनी आहे. का, घ्यायची का तुला?”

गर्दी हसली. हिलालनं हात काढून घेतला.

चैत्र आला. हिलाल गावच्या पंचांना म्हणाला, “औंदा दुसरा भगत देखा. मी ओढाव नही.”

“का रे? तुन्हा शबद तं खरा व्हयना. साचा उना ना?”

“शेठबी हाईच बोलना,” हिलाल म्हणाला.

पंचांना काही उमगलं नाही. पण पौर्णिमेला आठ दिवस उरले होते. देवाची गाडी अशी आयत्या वेळी दुसऱ्याच्या खांद्यावर कुठं देता येते? हिलालनं उपास धरला, अनवाणी राहिला. मनात मात्र एकच गोष्ट होती. पहिल्या गाडीत ती तीस माणसं चढतात की नाही? नाही चढली, तर सगळ्या यात्रेसमोर ठरून जाणार की या भगताच्या शब्दावर आता माणूस बसत नाही.

पौर्णिमेला दुपार कलती झाली. अकरा गाड्या गच्च भरल्या. पहिली रिकामी. वारूवाले आले होते, सगळे आले होते, वनासुद्धा. पण गाडीपासून चार पावलांवर उभे. हिलाल जूपाशी गेला. अंगावर पिवळा भंडारा, कमरेला शेला. वळून म्हणाला, “बठा.”

कुणी हललं नाही.

“बठा ना रे,” तो पुन्हा म्हणाला. या खेपेला आवाज भगताचा नव्हता.

सुकदेव पुढं आला. खिशातून चार घड्यांचा तो स्टँपपेपर काढला, उलगडला आणि कोऱ्या पाठीची बाजू वर केली. वनाच्या खिशातलं पेन घेतलं.

“लिखी दे.”

“काय?”

“‘बठ्ठास्ले देवळपावत नीट पोचाडसू.’ आनि खाले सही.”

मागच्या गाडीतून कुणीतरी फिस्सकन हसलं. एक म्हातारा चवताळला, “अरे, भगतले कागद मांगतस? लाज शे का? बापजादास्नी कोनी मांगा नही!”

“लाज शे, आबा,” सुकदेव म्हणाला. तो हसत नव्हता, रागातही नव्हता. “म्हनीसन तं मांगस.”

हिलालनं त्याच्याकडे पाहिलं, मग त्या तीस माणसांकडे. त्यानं कागद घेतला आणि गाडीच्या चाकावर टेकवला. चौथीपर्यंत शाळा झालेली. अक्षर मोठं आणि वाकडं. बारा गाड्या ओढणारा हात, पण ‘सगळ्यांना देवळापर्यंत नीट पोचवीन’ एवढ्या अर्थाच्या एका ओळीला त्याला इतका वेळ लागला की ढोलवाले वाजवायचे थांबले. सही केली. कागदावर भंडाऱ्याचा पिवळा अंगठा उमटला, तो पुसला गेला नाही.

सुकदेवनं ते मोठ्यानं वाचलं, फुंकर मारून वाळवलं आणि घडी केली. मग म्हणाला, “चला रे, चढा.”

माणसं चढली. बगल्यांनी दंड धरले. हिलालनं डोळे मिटून जूला पाठ लावली, ‘यळकोट’ उठला, बारा गाड्या एकदा करकरल्या आणि चालू लागल्या. भंडाऱ्याच्या धुरळ्यात सगळे एका सुरात ओरडत होते. सुकदेवही ओरडत होता. त्याचा एक हात गाडीच्या दांडीला होता आणि दुसरा खिशावर.