रविवारी ऑस्ट्रेलिया नाही

बहरीनमधील समस्त मराठी भाषकांना, त्यांच्या शेजाऱ्यांना आणि त्यांच्या मोबाईल फोनांना या जाहीर निवेदनाद्वारे कळविण्यात येते की, येत्या रविवारी पहाटेपासून आमच्या माहूजच्या फ्लॅटमधला टीव्ही बंद होईपर्यंत ऑस्ट्रेलिया नावाचा देश पृथ्वीवर नाही. तिथे डोंगर नाही, डोंगरावर रस्ता नाही, रस्त्यावर गाड्या नाहीत, आणि त्यांपैकी कोणतीही गाडी पहिली आलेली नाही. याउलट काही आढळल्यास ते ज्याने त्याने स्वतःजवळ ठेवावे. हुकमावरून.

हे निवेदन मी खरोखर मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलं होतं. त्याखाली हसऱ्या चेहऱ्यांची रांग लागली आणि रांगेच्या शेवटी एक प्रश्न उभा राहिला : “वहिनी, मिस्टरांना गाड्यांची एवढी आवड आहे हे माहीत नव्हतं!”

इथून माझा राग सुरू होतो. आमच्या मिस्टरांना पार्किंगमध्ये स्वतःची गाडी सापडत नाही. ते लांबूनच किल्लीचं बटण दाबतात आणि कुठले दिवे लुकलुकतात ते बघत उभे राहतात. शर्यतीचं वेड मला आहे. मला, आणि वरच्या मजल्यावरच्या सिस्टरला. पन्नाशीची एक बाई आणि साठीची एक बाई सोफ्यावर उभ्या राहून गाडीच्या नावाने ओरडतात, हे मराठी माणसाच्या डोक्यात शिरतच नाही. त्याला वाटतं, आम्ही नवऱ्यासाठी चहा ठेवायला उठलोय.

सिस्टर वसईची. सगळी हयात इथल्या एका हॉस्पिटलात नर्स म्हणून गेली. वेड मुळात तिचं. कोणे एके काळी तिच्या वॉर्डात पाय मोडलेला एक ऑस्ट्रेलियन इंजिनिअर पडला होता. पाय वर टांगलेला आणि समोर टीव्हीवर त्याच्या देशातली बाथर्स्टची शर्यत. एकट्याने ओरडायला त्याला मजा येईना. त्याने सिस्टरला सांगितलं, “मी निळा. तुम्ही लाल.” म्हणजे गाड्यांच्या दोन कंपन्या, आणि त्यांच्यात भाऊबंदकीत असतं तसं वैर. त्या दिवसापासून सिस्टर लाल. पुढे लाल कंपनीने गाड्या बनवणंच बंद केलं, तिच्या जागी तिची अमेरिकन चुलत भावंडं धावायला लागली. सिस्टर त्यांनाही लालच म्हणते. माणूस गेलं म्हणून माहेर बदलतं का, असं तिचं म्हणणं. इंजिनिअर बरा होऊन मायदेशी गेला, पण त्यांचं मेसेजवरचं भांडण अजून चालू आहे, दरवर्षी शर्यत संपली रे संपली की.

शर्यत म्हणाल तर हजार किलोमीटरची. एका गाडीला दोन ड्रायव्हर, आळीपाळीने. रस्ता डोंगरावरचा, एरवी गावातले लोक ज्यावरून दूध आणायला जातात तो. बघणारे आठवडाभर आधी वर जाऊन तंबू ठोकतात. मधेच कांगारू येतो. आणि गाड्या कशा, तर घरच्यासारख्या : छप्पर असलेल्या, दारं असलेल्या, दाराला दार घासत जाणाऱ्या. सिस्टर मला पहिल्यांदा समजावताना म्हणाली होती, “भाजीबाजारात बायका कोपराने वाट काढतात ना, तशा.” झालं. मी त्या दिवशी बाटले.

अडचण एकच. शर्यत रविवारी असते, आणि बहरीनमध्ये रविवार हा कामाचा दिवस. तिकडे झेंडा पडतो तेव्हा इकडे मी ऑफिसात आणि सिस्टर वॉर्डात. म्हणून मी रेकॉर्डिंग लावते आणि संध्याकाळी दोघी मिळून बघतो. तोवर निकाल कानावर पडू द्यायचा नाही, हे व्रत. आणि हे व्रत दरवर्षी कोणीतरी मोडतं. एकदा स्ट्रेचरवरच्या पेशंटने मोडलं. एकदा आमच्या मिस्टरांनी चहा पिता पिता मोडलं : “ते निळे जिंकले वाटतं.” मी दिवाळीपर्यंत त्यांच्याशी जेवढ्यास तेवढंच बोलले.

यंदा सिस्टर रिटायर होणार. व्हिसा संपणार, गुरुवारचं विमान. वसईच्या घरातला टीव्ही भावाच्या ताब्यात, आणि भावाच्या टीव्हीवर मालिका आणि क्रिकेट. म्हणजे ही शेवटची शर्यत. जिन्यात भेटली तेव्हा म्हणाली, “एकदा, बाय. एकदाच शेवट माहीत नसताना बघायचाय. मग खलास.”

एवढंच मागणं. तिने त्या रविवारची रजा मागितली होती. नाकारली. स्टाफ कमी आहे म्हणे! चार दिवसांनी ती जाणार तेव्हा स्टाफ वाढणार आहे का? मी तावातावाने म्हटलं, “मी येऊन बोलू का त्यांच्याशी?” तर म्हणते, “नको. मला गुरुवारी जायचंय, बुधवारी नाही.”

म्हणून ते निवेदन. शिवाय तोंडी बंदोबस्त वेगळा. वॉचमनला सांगितलं, कोपऱ्यावरच्या कोल्ड स्टोअरवाल्याला, म्हणजे इथल्या वाण्याला, सांगितलं. त्याला शर्यत ठाऊकच नव्हती, तरी तो गंभीरपणे म्हणाला, “इंशाल्ला, कुछ नहीं बोलेगा.” लेकीला बजावलं. ती म्हणाली, “आई, यू आर स्केअरिंग पीपल.” असू दे.

रविवार उजाडला. सिस्टरने फोन लॉकरमध्ये टाकला. मी माझा पर्समध्ये ठेवला आणि पर्स कपाटात. दुपारी जेवताना लेकीचा काही निरोप असेल म्हणून फोन काढला, आणि तेवढ्यात तो वाजला. अमवाजचे भाऊजी.

हे भाऊजी म्हणजे मिस्टरांचे मित्र. बँकेत मोठ्या जागेवर. अमवाजला व्हिला, गॅलरीतून समुद्र. सखीरच्या आपल्या इथल्या शर्यतीला दरवर्षी कुठूनतरी फुकटचे पास मिळवतात, कोणाचं तरी हेल्मेट काखेत धरून फोटो काढतात आणि गाड्या सुटल्या की आत एसीत जाऊन जेवतात. वर मला टायर समजावतात. मला!

“वहिनी,” ते म्हणाले, “अहो, तुमच्या त्या शर्यतीचा शेवट—”

मी फोन आपटला. मिनिटभरात ग्रुपवर त्यांचा मेसेज. स्क्रीनवर वरून घरंगळताना दिसलेच ते शब्द : “काय शेवट झाला राव! शेवटच्या क्षणी...” पुढचं न बघता मी ग्रुपच सोडला. गणपतीच्या वर्गणीपासून डोंबिवलीच्या स्थळांपर्यंत सगळं ज्या ग्रुपवर चालतं, तो ग्रुप. वहिनी बाहेर पडल्या, ही बातमी शहराबाहेर पार तुबलीपर्यंत पोचायला वेळ लागला नाही. मिस्टरांचा फोन : “घरात काही झालंय का आपल्या?”

मग मी भाऊजींना फोन लावला.

“वहिनी, मिस्टर चिडलेत का?”

“मी चिडलेय! मी! निवेदन वाचलं नव्हतंत?”

“वाचलं ना. मस्त जमलंय. मला वाटलं गंमत आहे.”

“गंमतच होती. पण हुकूमही होता.”

“अहो, गाड्यांची शर्यत. कोणीतरी जिंकणारच की.”

“भाऊजी, जन्माला आलेलं कोणीतरी मरणारच. म्हणून वॉर्डात जाऊन आधी सांगायचं का?” ऑफिसातल्या माना वळल्या. मी थांबले नाही. सिस्टरने इथे किती मराठी बाळंतपणं निभावली, त्यात त्यांच्या स्वतःच्या घरचंही एक होतं, आणि त्या बाईने मोबदल्यात एक शेवट मागितला होता, तोही डोंगरावरचा, लांबचा, कोणाच्या ताटातला नव्हे. आणि तुम्हाला तोंड आवरत नाही! पलीकडून बारीक आवाज : “त्या सिस्टर का? त्या चालल्या? मला माहीत नव्हतं.”

कसं माहीत असणार? हॉस्पिटललाच धड माहीत नव्हतं. संध्याकाळी सिस्टर युनिफॉर्ममध्येच आली, हातात फॉइलमध्ये गुंडाळलेला केक. शिफ्टनंतर निरोप समारंभ झाला म्हणे. केकवर अक्षरं होती : थँक यू सिस्टर. बस. नाव नाही.

“एवढ्या वर्षांत यांना तुझं नाव सापडलं नाही?” मी भडकले.

“स्पेलिंगवर भांडण झालं असेल, बाय. खा तू. केक चांगला आहे. फोटो काढायला मोबाईलपण लॉकरातून काढायला लावला मेल्यांनी, सगळ्यांच्या मोबाईलवर वेगळा फोटो.”

“पण कोणी काही बोललं नाही ना? शर्यतीचं?”

“बसू दे तरी,” ती म्हणाली आणि चपला काढून सोफ्यावर ऐसपैस बसली. एरवी ती शर्यतीला बसत नाही. जपमाळ मुठीत घेऊन टीव्हीपुढे येरझाऱ्या घालते. आज माळ पर्समधून निघालीच नाही. मला वाटलं, जाण्याचं दुःख.

रेकॉर्डिंग सुरू केलं आणि बेल वाजली. दारात अमवाजचे भाऊजी, हातात बहरीनी हलव्याचा डबा, चेहरा पडलेला. “माफी मागायला आलो. बसू का? बोलणार नाही.”

हाकलणार होते. सिस्टर म्हणाली, “बसू दे गं त्याला.” मग मी अट घातली : हलवा त्यांनीच खायचा. सारखा. हा हलवा असा चिकट की दातांना धरला की सोडत नाही. निकाल ठाऊक असलेला एकमेव माणूस माझ्या घरात बसलेला, आणि मी घासामागून घास त्यांच्या तोंडात भरतेय. एक डोळा टीव्हीवर, एक भाऊजींच्या जबड्यावर. लाल गाडी पुढे गेली की मी त्यांच्या भुवया बघायची. निळी पुढे गेली की पुन्हा भुवया. “खाली बघा!” मी ओरडायची. लेक म्हणाली, “आई, अंकल कान्ट ब्रीद.” श्वास नाकाने घेता येतो.

शेवटची फेरी आली. निळी गाडी पुढे. चांगली सात-आठ गाड्या मावतील एवढी पुढे. लाल मागे राहिली ती राहिलीच. मी सिस्टरकडे बघितलं. तिची शेवटची शर्यत, रजा न मिळालेली, बिननावाचा केक, आणि आता हे. माझ्या डोक्यात सगळा दिवस एकदम चढला. मी सोफ्यावर उभी राहिले आणि त्या निळ्या गाडीला, तिच्या ड्रायव्हरला, त्याच्या टायरला, रजा न देणाऱ्या बाईला, सगळ्यांना मिळून घरात कधी न काढलेल्या शिव्या दिल्या. मिस्टर आतून बाहेर आले. लेकीने कानांवर हात ठेवले. भाऊजींच्या डोळ्यांत पाणी, तोंडात हलवा, पण माणूस जीव गेला तरी बोलायला तयार नव्हता.

मी काही थांबत नाही हे बघून सिस्टरला राहवलं नाही. तिने माझा हात धरून मला खाली ओढलं आणि म्हणाली, “अगं बाय, शिव्या कशाला वाया घालवतेस? बघच आता, डोंगर चढताना पेट्रोल संपतंय मेल्याचं!”