पालकाच्या रकान्यातली केवळाबाई

आमच्याकडं बाईचं नाव लग्नात एकदा बदलतं आणि लेकरू झालं की दुसऱ्यांदा. मग तिला तिच्या नावानं कुणी हाक मारीत नाही. पाण्यावर, गिरणीत, देवळाच्या पायरीवर ती शिवप्पाची आई असते, नाहीतर कमलम्माची आई. म्हातारी होऊन मेली तरी गाव म्हणतं, शिवप्पाची आई गेली. बाईला त्याचं वाईट वाटत नाही. उलट त्या नावासाठीच ती नवस बोलते.

केवळाबाईचं नाव दुसऱ्यांदा बदललं नाही. लेकरू झालं होतं. लेकराचं नाव ठेवायचं राहिलं होतं.

भूकंपाच्या वर्षी भादव्यात तिला मुलगी झाली. नाव ठेवायचा मान आत्याचा. आत्या दिली होती देगलूरकडं, आणि तिच्या घरी गौरी-गणपती. तिनं निरोप धाडला, "गणपती उठले की येते. माझ्याबिगर नाव ठेवू नगा." नवरा मलप्पा म्हणाला, बहीण एकुलती एक हाय, थांबू की. थांबले. गणपती उठले आणि ती रात्र उजाडायच्या आत दगडमातीची जाड भिंतींची माळवदं खाली बसली. मलप्पा गेला, पाळण्यातली गेली. केवळाबाई तेवढी निघाली.

पुढं सरकारी माणूस ढिगाऱ्या-ढिगाऱ्यानं फिरून नावं विचारू लागला. मलप्पाचं सांगितलं. "मुलीचं?" त्यानं विचारलं. "ठेवायचं होतं," केवळाबाई म्हणाली. तो मान खाली घालून पुढच्या घरी गेला. म्हणजे घर जिथं होतं तिथं.

दुसरं लग्न कर म्हणून भावानं लई गळ घातली. तिनं ऐकलं नाही. औशात काही वर्षं भावाकडं काढली, मग लातूरला आली आणि एका मेसमध्ये भाकरी थापू लागली. ते दिवस असे होते की लातुरात पोरं पुराच्या पाण्यासारखी येत होती. नांदेडकडून, परभणीकडून, कुठून कुठून. कुणाला डॉक्टर व्हायचं, कुणाला इंजिनिअर. ट्यूशन एरियात घरावर घर चढलं, घराघरात खोल्या निघाल्या आणि खोलीखोलीत भूक आली. केवळाबाईच्या हाताला चव होती. पुढं तिनं स्वतःची मेस घातली, वरच्या खोल्या भाड्यानं घेतल्या आणि फक्त मुली ठेवल्या. मुली तिला मावशी म्हणत. मावशी हे नाव चांगलं असतं, पण ते सगळ्यांचं असतं.

तिचा फोन नंबर क्लासवाल्यांच्या हाती कसा गेला, ही गोष्ट साधी. दर क्लासच्या दारात एक टेबल. फुकट परीक्षा द्या, फुकट बॅग घ्या, फुकट लेक्चर ऐका. त्याआधी एक कागद भरा. कागदावर रकाना, पालकाचा मोबाईल. आता बापाचा नंबर दिला की बापाला फोन जाणार, आणि बाप शेतात नाहीतर शाळेत. त्यातून चाचणीत मार्क कमी पडले हे घरी कळणार ते वेगळंच. मग एका हुशार मुलीनं मावशीचा नंबर टाकला. तिचं पाहून दुसरीनं टाकला. पुढं ती त्या घराची रीतच झाली. नवी मुलगी आली की जुनी तिला सांगायची, "पाणी इथून भरायचं, चप्पल तिथं काढायची, अन् पालक म्हणून मावशीचा नंबर टाकायचा."

मावशीला हे कुणी सांगितलं नाही. तिला कळलं ते असं. एके दुपारी पीठ मळताना फोन वाजला. तिनं मनगटानं बटण दाबलं. पलीकडून एक गोड आवाज बोलला, "नमस्कार, वैष्णवीच्या आई बोलताय का?"

वैष्णवी अहमदपूरची, वरच्या खोलीतली. तिची आई अहमदपुरातच होती, धडधाकट. नंबर चुकला म्हणून सांगायचं आणि ठेवून द्यायचं, एवढंच होतं. केवळाबाईच्या हाताला पीठ चिकटलेलं. एवढ्या वर्षांत तिला असं कुणी विचारलं नव्हतं.

"आई? ऐकू येतंय का?"

"हाव," ती म्हणाली. "बोला."

त्या दिवसापासून ती बोलत आली. वैष्णवी गेली, दुसऱ्या आल्या, फोन वाढत गेले. एका क्लासकडून दुसऱ्याकडं, लातुरातून पुण्याकडं, पुण्यातून कुठं कुठं नंबर फिरत राहिला. मुली सांगायच्या, मावशी, हे लोक डाटा विकतात. नाव, नंबर, मार्क, गाव, सगळं एका यादीत घालून ज्याला पाहिजे त्याला देतात. केवळाबाई म्हणायची, "विकू द्या की. माझं काय सोनं हाय त्यात?" फोन करणाऱ्या पोरीबाळींना ती जेवलीस का विचारायची. एकीनं तिला फाउंडेशन बॅच समजावून सांगितली. फाउंडेशन म्हणजे पाया हे कळल्यावर केवळाबाई म्हणाली, "पाया पक्का पाहिजे, माय. आमच्याकडं कच्चा होता." पलीकडची हसली. तिला वाटलं, आजीबाई मजेशीर आहेत.

दुपारी भांडी आवरली की ती फोन मांडीवर घेऊन बसे. वाजला की पदर सारखा करी, जणू दारात कुणी आलं आहे.

मग इरा आली. इरा भोकरची, राघवेंद्र मास्तरांची मुलगी. बारीक अंगाची, बोलायला तिखट. डॉक्टर व्हायचं एवढं एकच तिच्या डोक्यात. तिनंही रीत पाळली आणि प्रत्येक कागदावर मावशीचा नंबर टाकला.

एके संध्याकाळी ती अभ्यासिकेतून परत येत होती. कोपऱ्यावर दुचाकीला टेकून एक माणूस उभा होता. म्हणाला, "इरा ना तू? भोकरची? केवळाबाईंकडं राहतेस. फिजिक्समध्ये लई मार्क कमी पडून राहिले तुझे. आमच्याकडं ये, फी बघू." त्यानं वावगं काही केलं नाही, नुसतं माहितीपत्रक पुढं केलं. पण त्याला नाव माहीत, गाव माहीत, घर माहीत, घरी यायची वेळसुद्धा माहीत. इरा धावत घरी आली आणि रडत बापाला फोन लावला.

दुसऱ्या सकाळी मास्तर दारात हजर.

"सामान बांध," ते म्हणाले. "घरी बसून ऑनलाइन कर."

"घरी नेटवर्क गच्चीवर लागतं, बाबा. उन्हात बसून बायोलॉजी करू?"

"माझ्या मुलीचं नाव रस्त्यावरच्या माणसाच्या तोंडात आहे. डॉक्टर नाही झालीस तरी चालेल."

"मला नाही चालणार."

मुलगी खोटं बोलत नव्हती हे मास्तरांना दिसत होतं. शेवटी म्हणाले, "त्या यादीतून नाव निघालं तर राहा. नाही निघालं तर आजच्या गाडीनं भोकर."

त्या माणसाच्या माहितीपत्रकावर क्लासचा नंबर होता. क्लासनं यादी कुणाकडून घेतली ते मास्तरांनी भांडून काढून घेतलं आणि त्या डाटावाल्याला फोन लावला. आवाज मोठा ठेवला. केवळाबाई चहा घेऊन दारात उभी.

"सर, नाव काढता येतं," पलीकडून एक मुलगी म्हणाली. "पण मागणी पालकांनीच करावी लागते."

"मी पालकच बोलतोय."

"तुमचा नंबर पालक म्हणून दिसत नाही, सर."

"अहो, मी बाप आहे तिचा!"

"असाल, सर. पण सिस्टमला तुम्ही नाहीत. सिस्टमला आईचा नंबर आहे. केवळाबाई म्हणून."

मास्तरांनी फोन खाली ठेवला. केवळाबाईकडं पाहिलं. "घ्या," ते म्हणाले, "जन्म आम्ही दिला, आईपण तुमच्याकडं. आम्हाला कळवलं तरी असतं."

केवळाबाईनं चहा खाली ठेवला. इरा म्हणाली, "बाबा, टोमणे नंतर मारा. मावशी, तुम्हीच चला."

डाटावाल्याचं ऑफिस म्हणजे झेरॉक्सच्या दुकानावरची एक खोली. फोनवर बोललेली मुलगी तिथंच संगणकापुढं बसली होती. शिल्पा तिचं नाव, रेणापूरची. तिनं केवळाबाईचा नंबर घातला, पडद्याकडं पाहिलं आणि तिला हसू आवरेना.

"आई, किती मुली हो तुम्हाला!"

पडद्यावर सगळ्या होत्या. अहमदपूरची वैष्णवी, जी आता नांदेडला दवाखान्यात नोकरीला. उदगीरची, जी परीक्षा सोडून संसाराला लागली. कंधारची एक, जी निकालाच्या दिवशी स्वयंपाकघरात केवळाबाईच्या गळ्यात पडून रडली होती आणि तिचा पुढं पत्ता नव्हता. शिल्पा वाचत गेली. केवळाबाई दर नावाला म्हणत गेली, "हाव. हाव." मास्तरांचा राग तिथंच कुठंतरी खाली बसला. त्यांना एवढंच दिसत होतं की ही बाई एखाद्या लग्नाच्या मांडवात उभी असल्यासारखी उभी आहे.

"इराचं तेवढं काढा," केवळाबाई म्हणाली.

"काढते. पण उपयोग न्हाई व्हायचा," शिल्पा म्हणाली. "नंबर राहिला की नाव पुन्हा त्याला येऊन चिकटतं. घर कळतं ते नंबरावरूनच. इराला खरंच सोडवायचं तर नंबरच काढावा लागतो, सगळ्या मुलींसकट. मग आम्ही हा नंबर कुणाला देणार न्हाई. ज्यांना आधी दिलाय त्यांनाही तसं कळवते. एक-दोघं नालायक निघतील, पण बाकीचे फोन बंद होतील."

"समदेच?"

"हाव, आई. कुणीच करणार न्हाई."

केवळाबाई खुर्चीवर बसली. खिडकीतून खालचा रस्ता दिसत होता, पाठीवर बॅगा टाकून चाललेल्या मुली दिसत होत्या. हे मागता येण्यासारखं नाही एवढं इराला कळलं होतं. मास्तर खाकरले आणि म्हणाले, "राहू द्या, बाई. आम्ही गाडीनं जातो. तिचं नशीब."

तेव्हा केवळाबाई उठली. "कुठं बोलायचं?" तिनं विचारलं.

शिल्पानं रेकॉर्डिंग सुरू केलं. "मी अमुक मुलीची आई, तिचं नाव काढून टाका, असं म्हणायचं. एकेक नाव घेऊन."

मग त्या झेरॉक्सच्या दुकानावर केवळाबाईनं ते सांगितलं. आतापर्यंत फोनवर तिनं नुसतं 'हाव' म्हटलं होतं. दुसऱ्यानं म्हणायचं आणि तिनं हाव म्हणायचं. स्वतःच्या तोंडानं ती आज पहिल्यांदा बोलत होती. मी वैष्णवीची आई. तिचं नाव काढून टाका. ती घाई करीना. एका नावानंतर श्वास घेई, मग दुसरं. आपण आई आहोत हे सांगितल्याशिवाय आईपण सोडता येत नव्हतं, असला तो विचित्र कायदा. खालून झेरॉक्स यंत्राचा घरघर आवाज येत होता. शेवटी ती म्हणाली, "मी इराची आई. तिचं नाव काढून टाका." इरानं बापाचा हात धरला आणि बापानं तो धरू दिला.

"आणखी कुणी राहिली का, आई?" शिल्पानं सवयीनं विचारलं.

केवळाबाई थांबली. तिचे ओठ हलले. शिल्पानं वाट पाहिली.

"न्हाई," केवळाबाई म्हणाली. "एवढ्याच."

फोनवर ओटीपी आला. तो इरानं वाचला, शिल्पानं घातला आणि पडद्यावरच्या सगळ्या ओळी पुसल्या गेल्या. पडदा पांढरा झाला.

मास्तर दुपारच्या गाडीनं एकटेच परत गेले. जाताना त्यांनी केवळाबाईला वाकून नमस्कार केला. ती मागं सरली, अहो सर, असं काय करता, म्हणाली. मास्तर म्हणाले, "मुलीकडं लक्ष असू द्या." तेवढंच. भोकरच्या माणसांना जास्त बोलता येत नाही.

इरा राहिली. दुचाकीवाला पुन्हा कोपऱ्यावर दिसला नाही. काही दिवस चुकार फोन आले, त्यात एक कर्जवाला होता, एक विम्याचा. मग तेही थांबले. केवळाबाईची दुपार मोठी झाली. भांडी आवरून ती बसे, फोन उलटा करून पाही, सुलटा करी, पदरानं काच पुशी. नव्या मुलींना तिनं ताकीद दिली होती, माझा नंबर कुठं टाकायचा न्हाई, बापाचा टाकायचा, अन् मार्क कमी पडले तर शिव्या खायच्या. मुली हसत आणि ऐकत.

एका रविवारी इरा जिन्यात पुस्तक घेऊन बसली होती. खालून केवळाबाईनं हाक मारली, "इरे, फोन बिघडला का बघ गं. लई दिवस झाले, वाजून न्हाई राहिला."

इरानं खाली पाहिलं. फोन बिघडला नव्हता हे दोघींना माहीत होतं. इरानं पुस्तक बाजूला ठेवलं आणि आपल्या फोनवरून नंबर लावला.

खाली फोन वाजू लागला. केवळाबाईनं पदर सारखा केला. फोन मांडीवर घेतला, पण उचलला नाही. तो वाजत राहिला आणि ती ऐकत राहिली. इरानंही बंद केला नाही. आपोआप थांबला तसा तिनं पुन्हा लावला.

"चालू हाय की," केवळाबाई बऱ्याच वेळानं म्हणाली, आणि तव्याखालचा गॅस पेटवायला उठली.