आगोटीला सेल काढतात

बाबा मस्कतहून सुटीवर आले की त्यांच्या बॅगेतून काय निघेल याचा नेम नसे. एकदा आईसाठी इस्त्री निघाली. ती इतकी जड होती की आई ती फक्त लग्नकार्याला बाहेर काढायची. १९९८ साली माझी दहावी झाली, मी सायन्सला जाणार हे ठरलं, आणि त्या मे महिन्यात निघाला एक कॅल्क्युलेटर. वीतभर लांब, काळा, वर सरकतं झाकण आणि काडेपेटीएवढा पडदा. त्या पडद्यावर गणिताचे आलेख उमटायचे.

"दुकानदार बोलला, शिकणारी पोरा ह्याच घेतात," बाबा म्हणाले. मग ते बॅगेतलं पुढचं सामान काढायला लागले.

कॉलेज सुरू झाल्यावर मी तो मोठ्या ऐटीत नेला. गणिताच्या सरांनी उलटसुलट करून पाहिला आणि परत दिला. परीक्षेत लॉग टेबल वापरायचं, कॅल्क्युलेटर चालत नाही, हा तर नाहीच नाही. "नाकापेक्षा मोती जड," एवढं म्हणून ते फळ्याकडे वळले. वर्गातल्या मुलींनी एक दिवस कौतुक केलं, दुसऱ्या दिवशी विसरल्या. खोक्यात एक आखूड वायर होती, दोन्ही टोकं सारखी. एक टोक आपल्या कॅल्क्युलेटरला, दुसरं मैत्रिणीच्या, म्हणजे एकातलं दुसऱ्यात जातं, असं पुस्तिकेत लिहिलं होतं. अख्ख्या रत्नागिरीत दुसरा असेलही कुणाकडे, पण मला कधी भेटला नाही. ती वायर मी खिडकीच्या खिळ्याला अडकवून ठेवली. आई तिच्यावर हातरुमाल वाळत घालायची.

बाबा दोन वर्षांतून एकदा महिनाभर येत. बाकी शुक्रवारी फोन. "बरी हायस ना? अभ्यास चाललाय ना? आईकडे दे." माझी उत्तरंही ठरलेली. मला बाबा आवडायचे, हे मी त्यांना कधी सांगितलं नाही आणि तशी आमच्याकडे रीतही नव्हती. ते घरी आले की पहिले आठ दिवस मला पाहुण्यासारखे वाटत, मग सवय होई, आणि सवय झाली की बॅगा भरायला लागत.

कॅल्क्युलेटर आणला त्या खेपेला मात्र एक दुपार वेगळी गेली. वीज गेली होती, आई शेजारी आंबे पाडायला गेली होती. बाबांनी ताकातून, म्हणजे भिंतीतल्या कोनाड्यातून, खडू काढला आणि पडवीच्या सिमेंटच्या कोब्यावर रेघा मारायला लागले. वाघ-बकरीचा पट. लहानपणी गुरं राखताना ते कातळावर दगडाने काढून खेळायचे. काजूच्या दोन बिया म्हणजे वाघ, चिंचोके म्हणजे बकऱ्या. वाघाने उडी मारून बकरी खायची, बकऱ्यांनी वाघाला कोंडायचं. बाबा खेळताना एकदम निराळे होते. चिडवायचे, खोटं हळहळायचे, "आता गो बाय, कुठं जाशील?" म्हणत माझा वाघ कोपऱ्यात दाबायचे. मधेच त्यांनी त्यांच्या बापाच्या माराच्या गोष्टी सांगितल्या. मी कॉलेजची भीती वाटते म्हणून सांगितलं. अंधार पडेपर्यंत आम्ही खेळलो. चार दिवसांनी ते गेले. आईने नंतर पडवी पुसली, तरी रेघा बरेच दिवस अंधुक दिसत होत्या.

ते गेल्यावर पावसाळ्यात करायला काही नसे, म्हणून मी ती जाडजूड पुस्तिका वाचायला घेतली. कॅल्क्युलेटरला हुकूम लिहून ठेवता येतात आणि तो ते एकामागून एक पाळतो, हे त्यात कळलं. पहिल्यांदा मी त्याला एक ते शंभर मोजायला लावलं. त्याने निमूट मोजलं. आमच्या घरात माझं एवढं ऐकणारं दुसरं कोणी नव्हतं. मग नाद लागला. एकेका अक्षरासाठी दोन दोन कळा दाबायच्या, कंस राहिला की एरर, एका हुकुमावरून दुसऱ्यावर जायची उडी चुकीच्या जागी गेली की यंत्र गरगरत बसायचं. आईला वाटायचं मी गणितं करते. "डोळं जातील," एवढंच ती म्हणायची. मी काय करते ते सांगायला कोणी नव्हतं, आणि सांगितलं असतं तर कळलं नसतं, आणि कळलं नसतं तर मला राग आला असता. तेव्हा न सांगणंच बरं.

केव्हातरी डोक्यात आलं की वाघ-बकरी यात घालता येईल. बाबा दोन हजार सालच्या जूनमध्ये येणार होते. त्यांनी आणलेल्या यंत्रात त्यांचाच खेळ. एकाने चाल करायची, यंत्र दुसऱ्याच्या हातात द्यायचं. तो हातातून हातात जाईल, आम्ही शेजारी शेजारी बसू, बोलायला काही नसलं तरी बिघडणार नाही, आणि कदाचित ती दुपार परत येईल. मला तेवढंच हवं होतं. बारावीपेक्षा जास्त हवं होतं, आणि माझे मार्क पाहिले तर कुणालाही पटेल.

पट पडद्यावर मावेना. वाघ आणि बकरी ठिपक्यांनी वेगळी दाखवायची कशी? शेवटी वाघ म्हणजे भरीव चौकोन आणि बकरी म्हणजे फुली असं ठरवलं. वाघाची उडी तर महिनोन्महिने साधेना. कधी वाघ दोन बकऱ्या खाई, कधी स्वतःलाच. दुरुस्त झालं की खेळून बघायचं, तेही एकटीनेच. डाव्या हाताने वाघ, उजव्या हाताने बकऱ्या. जिंकले तरी हरलेलीही मीच. कधी कधी मी बकऱ्यांच्या वतीने "आता गो बाय" असं पुटपुटायची आणि मग खोली फारच मोठी वाटायची. पण दोन हजारच्या मे महिन्यात खेळ पुरा झाला. एकही चूक उरली नाही. कागदावर उतरवून ठेवावा असं मला सुचलं नाही. तो यंत्रात होता, आणि यंत्र माझं होतं.

त्याच आठवड्यात मामाच्या मुलीचं लग्न निघालं आणि मी आईबरोबर केळशीला गेले. तिथल्या किनाऱ्याच्या वाळूत खराब होईल म्हणून कॅल्क्युलेटर घरी ठेवला. आई लग्न आटोपून लगेच परतली, कारण तिला आगोट उरकायची होती. मिरगाच्या आत पावसाळ्याची सगळी बेगमी करायची, तिला आमच्याकडे आगोट म्हणतात. लाकडं, सुकी मासळी, आमसुलं, मिठाची मडकी. गल्फमधल्या माणसांच्या घरात आगोटीला आणखी एक काम असतं. लागणार नाहीत त्या सगळ्या यंत्रांतले सेल काढायचे. आमच्या दमट हवेत सेल पाझरतात आणि आतल्या पट्ट्या हिरव्या पडतात. बाबांचा पहिला टेपरेकॉर्डर तसाच गेला होता, आणि आईने ते स्वतःवर घेतलं होतं. तेव्हापासून ती दरवर्षी सेल काढून, यंत्रं प्लास्टिकमध्ये गुंडाळून तांदळाच्या पिंपात पुरून ठेवायची.

मी आले तेव्हा तिने तांदळातून पुडकं काढून दिलं. "एकपण सेल ठेवला नाय बघ. मागं बारक्या स्क्रूखाली एक बटण होता, तोपण शिलाई मशीनच्या पेचकसानं काढला." तिचा चेहरा खुलला होता.

चार मोठे सेल काढले तरी त्या बटणसेलवर यंत्र सगळं लक्षात ठेवतं. तो काढला की काही ठेवत नाही. हे मला पुस्तिकेतून माहीत होतं, आईला कुठून असणार? मी सेल परत घातले. सगळं पुसलं गेल्याची एक इंग्रजी ओळ आली आणि खाली नुसता लुकलुकणारा ठिपका. मला आईचा इतका राग आला की मी परसात जाऊन विहिरीच्या कठड्यावर बसले आणि रडले. तिला सांगितलं नाही. काय सांगणार होते? तिने जपलंच होतं. दोन दिवस तिच्याशी बोलले नाही. लग्नाहून आल्यापासून माझा शीण काही उतरला नाही, असं ती शेजारणीला हसून सांगत होती.

बाबा आले. त्या सुटीत त्यांनी घरात लाद्या बसवायला काढल्या. पडवीचा कोबा फोडला गेला आणि त्या जागी गुळगुळीत, पांढऱ्या, पाय घसरणाऱ्या लाद्या आल्या. दिवसभर गवंड्यांची ठोकाठोक. पाऊस उघडला की बाबा अंगणात खुर्ची टाकून बसत, मी आतल्या खोलीत.

"यंत्र चालता ना?" त्यांनी एकदा विचारलं.

मी साइनचा आलेख काढून दाखवला. पडद्यावर एक ओळ वरखाली होत गेली.

"लाट काढता होय," ते म्हणाले. थोडा वेळ बघत राहिले आणि परत दिला. मी आत गेले. महिना तसाच गेला. एसटी स्टँडवर त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला, तेव्हा मला सगळं सांगावंसं वाटलं, पण गाडी लागली होती.

मी खेळ पुन्हा लिहिला. का लिहिला कोण जाणे. कदाचित दुसरं काही येत नव्हतं म्हणून. तोवर मारुती मंदिराजवळ सायबर कॅफे झाला होता. तिथे कळलं की जगात माझ्यासारखे बरेच आहेत, एकमेकांना खेळ पाठवतात, यंत्रं उघडून आतले भाग बदलतात. तिथलंच वाचून मी टीव्ही दुरुस्तीवाल्याकडून आतला एक बारका कंडेन्सर बदलून घेतला. यंत्र दुप्पट वेगाने पळायला लागलं आणि दुप्पट सेल खायला लागलं. धीर करून मी इंटरनेटवरच्या त्यांच्या चर्चेच्या फळ्यावर माझ्या खेळाबद्दल चार ओळी लिहिल्या. काही आठवड्यांनी कुणीतरी एका ओळीत उत्तर दिलं होतं, पाठव, बघतो. पण पाठवायला कॉम्प्युटरला जोडणारी निराळी वायर लागते, आणि ती माझ्याकडे नव्हती. तिथेही मी फक्त वाचत राहिले.

आईला मी बजावून ठेवलं होतं, या यंत्राला हात लावायचा नाही. का, ते सांगितलं नाही. दर आगोटीला ती दारात उभी राहून विचारायची, "तेतलं सेल?" मी म्हणायची, "राहू दे." ती नाराज होऊन जायची.

पुढची सुटी बाबांना मिळाली नाही. दोन हजार चारच्या मे महिन्यात ते कायमचेच आले. साखरेने डोळे अधू झाले होते आणि कंपनीने घरी पाठवलं. मी तेव्हा बी.एस्सी. होऊन एका शाळेत तात्पुरती शिकवत होते. ते आल्यावर चौथ्या की पाचव्या दिवशी, बाबा अंगणातल्या जांभ्या चिऱ्याच्या पायरीवर बसले असताना, मी जाऊन शेजारी बसले आणि यंत्र त्यांच्या हातात दिलं. एवढ्या वर्षांत हा खेळ दुसऱ्या कुणाच्या हातात पहिल्यांदाच जात होता.

त्यांनी ते लांब धरलं, जवळ धरलं, उन्हाकडे तिरकं केलं.

"दिसत नाय गो. मुंग्यांसारखा कायतरी दिसता. काय हा?"

"वाघ-बकरी," मी म्हणाले. "मी केलीय. तुमच्याशी खेळायला. मागच्या वेळेलाच केली होती, ती पुसली गेली."

ते अंगठ्याने पडदा चोळत राहिले.

"खडू नव्हता काय घरात?"

मी यंत्र त्यांच्या हातातून घेऊन पायरीवर ठेवलं.

"मागच्या खेपेला म्हयनाभर वाट बघितली मी," ते म्हणाले. "रोज वाटायचा, आज खडू घेऊन येल. मग वाटला, मोठी झाली पोर, कॉलेजात जाते, आता काय खेळंल माझ्याबरोबर. लाद्यापण म्हणून लवकर घातल्या. बघवत नव्हता तो कोबा."

मी उठले. ताकात खडू नव्हता, पण माझ्या शाळेच्या पर्समध्ये होता, रोजच असायचा. लाद्यांवर तो उमटला नसता. मी अंगणातल्या तांबड्या चिऱ्यावर पट काढला, चांगला मोठा, त्यांना दिसेल एवढा. बिया आणि चिंचोके आईच्या आगोटीच्या डब्यांतून आणले. ती आमसुलं पसरत होती. तिने वळून पायरीवर पडलेल्या यंत्राकडे पाहिलं आणि नेहमीसारखं विचारलं, "तेतलं सेल?"

मी यंत्र उचललं. चारही सेल काढले. मग शिलाई मशीनचा पेचकस मागून घेतला आणि मागचा बारका स्क्रूही उघडला. बटणसेल बाहेर काढताना क्षणभर थांबले, आणि मग सगळं आईच्या हातात दिलं. ती समाधानाने प्लास्टिक शोधायला गेली.

"बस," बाबा म्हणाले. "वाघ माझे."