पाचव्या पानाचं घर

माझ्या साडूला कुणाच्याही घरी न्या, बसा म्हटल्यावर तो बसत नाही. आधी दारापाशी उकिडवा होतो, हात उलटा करून खालच्या फटीशी धरतो, मग खिडकीच्या चौकटीवरून तोच हात फिरवतो आणि मग कुठे खुर्चीला पाठ टेकवतो. "इथून हवा जातेय तुमची," असं यजमानाला हसत सांगतो. दुसऱ्या कुणी असं केलं असतं तर लोकांनी वेड्यात काढलं असतं. याला चहा देतात. मी त्याचं नाव फटशोधक ठेवलं. चिडवायला ठेवलं होतं, पण बेटा खूश झाला आणि आता आपणच सगळ्यांना सांगत सुटतो.

मला हा माणूस बघवत नाही, हे आधीच सांगून टाकतो. म्हणजे पुढे कुणी माझी समजूत घालायला येणार नाही.

मी गवंडी आहे. या शहरातल्या निम्म्या गल्ल्यांत माझ्या हातच्या भिंती उभ्या आहेत आणि एकही ओळंब्याबाहेर नाही. पूर्वी लोक नव्या घरासमोर थांबून विचारायचे, बांधलं कुणी? आता विचारतात, पानं किती? नव्या घरांचे नियम आल्यापासूनची ही भानगड. घर उन्हात किती तापतं, थंडीत किती गारठतं, वीज किती खातं, फटींतून हवा किती गळते, हे सगळं मोजतात आणि दाराशेजारी हिरव्या पानांची पाटी ठोकतात. एक पान म्हणजे काठावर पास, पाच पानं म्हणजे पहिला नंबर. आणि ही पानं वाटणाऱ्या खात्यात कोण? माझा साडू.

अहो, हा फ्रीज दुरुस्त करायचा! मेहुणीचं लग्न ठरत होतं तेव्हा सासऱ्यांना मीच म्हणालो होतो, मुलगा गरीब स्वभावाचा आहे, पण हातात कला म्हणाल तर दाराचं रबर बदलण्याची. नवे नियम आले, तपासनीस हवे होते, तसा हा मुलाखतीला गेला आणि म्हणाला, साहेब, फ्रीज काय नि घर काय, घराला दारं जास्त एवढंच. साहेब हसले, नोकरी लागली. मी उन्हातान्हात विटा रचल्या आणि शाबासकी फट बुजवणाऱ्याला. पोटात दुखणार नाही तर काय होईल?

पण हेही गिळलं असतं. गिळवलं नाही ते सासूबाईंचं.

सासरे गेल्यावर सासूबाई आमच्याकडे यायच्या ठरल्या होत्या. बायको थोरली मुलगी, तिचा जीव आईत अडकलेला. पण आम्ही तेव्हा भाड्याच्या घरात, वरच्या मजल्यावर, डोक्यावर नुसता स्लॅब. उन्हाळ्यात रात्रीसुद्धा गादी गरम लागायची. सासूबाईंना दम्याचा त्रास. पहिल्याच उन्हाळ्यात त्यांना धाप लागली, डॉक्टरांनी सांगितलं, बाईंना असल्या भट्टीत ठेवू नका. साडू गाडी घेऊन आला आणि त्यांना घेऊन गेला. त्यांची गादी स्वतः खांद्यावर घेऊन जिना उतरला. बायको खिडकीत उभी राहून रडत होती. मी आत जाऊन उगाचच नळ दुरुस्त करत बसलो.

तेव्हापासून आमच्या घरात एकच ध्यास. स्वतःचं घर, असं की आई परत येईल.

जागा मिळाली, आणि मी कामाला लागलो. छपराला जाडजूड थर घातला, भिंती दुहेरी केल्या, मधे कापसासारखं भरण. पश्चिमेला सज्जा एवढा पुढे काढला की दुपारचं ऊन भिंतीला हात लावणार नाही. हे सगळं शिकलो कुठे? साडूच्याच घरात. दर सुट्टीला सासूबाईंना भेटायच्या निमित्तानं जायचो आणि डोळे फिरवायचो. त्याच्या पाटीवर पानं चार. लोकांना पानं देत फिरतो आणि स्वतःच्या दाराला चार! परत येताना मी बायकोला म्हणालो, आपली पाच होणार. ती म्हणाली, आईला पानं थोडीच मोजायचीत. मी म्हणालो, तुला यातलं कळत नाही.

पाचवं पान कुठे अडतं हे मला माहीत होतं. उघडणाऱ्या खिडकीला कितीही चांगलं रबर लावा, थोडी हवा गळतेच. काच कायमची बसवली तर प्रश्नच मिटला. शिळी हवा बाहेर टाकून ताजी आत घेणारं यंत्र माळ्यावर होतंच, मग खिडकी उघडायची कशाला? स्वयंपाकघर आणि बाहेरची खोली सोडून सगळ्या काचा मी पक्क्या केल्या. सासूबाईंची खोली रस्त्यावर. तिथे धूळ, गाड्यांचे आवाज. तिथली काच तर तिहेरी घेतली. बाहेर ट्रक गेला तरी आत भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक ऐकू यावी.

नातेवाइकाचं घर साडूला तपासता येत नाही, तसा नियमच आहे. पण तपासणीच्या आदल्या सुट्टीला तो आपणहून आला. दारात लाल कापडाचा पडदा ताणून मधे तो त्यांचा मोठा पंखा बसवला, तो घरातली हवा बाहेर ओढतो, मग जिथे फट असेल तिथून बाहेरची हवा आत शिरते. पंखा घोंघावू लागला आणि हा उलटा हात घेऊन घरभर. मी मागोमाग, छाती पुढे काढून. न्हाणीघरात बेसिनमागे थबकला. माझा हात धरून तिथे नेला. खरंच, पाईपच्या कडेनं बारीक गार धार लागत होती. माझ्या घरात! अंगाचा नुसता तिळपापड झाला. त्यानं खिशातून पट्टी काढली, आडवा होऊन बेसिनखाली घुसला, फट बुजवली आणि सदऱ्याला लागलेली धूळ झटकत म्हणाला, "झकास बांधलंय, साडूभाऊ. माझ्या घरापेक्षा चांगलं."

हे त्यानं म्हणायला नको होतं. मोठेपणा दाखवणाऱ्या माणसाचा मला जास्त राग येतो.

जाता जाता सासूबाईंच्या खोलीत गेला. काचेपाशी बराच वेळ उभा राहिला. मग मला म्हणाला, "इथली एक खिडकी उघडती करा. एखादं पान गेलं तर जाऊ द्या."

आता बोला. याची चार, माझी होणार पाच, आणि हा मला सांगतो एक जाऊ द्या! तोंडावर मी बघू म्हटलं. तो गेल्यावर मात्र बायकोपुढे तासभर बोललो. बघ कसा जळतोय, म्हटलं. वरून गोड, आतून सुरुंग. बायको एवढंच म्हणाली की विचारायचं तरी, का म्हणून. मी त्याला विचारू? माझी जीभ झडली असती.

पाच पानं मिळाली. पाटी मी स्वतः ठोकली, अगदी ओळंबा लावून. रस्त्यानं येणारेजाणारे थांबून बघायचे, आणि मी उगाच दाराशी काहीतरी काम काढून उभा राहायचो.

सासूबाई आल्या. साडूनंच आणून सोडल्या आणि पाटीकडे बघून मनापासून हात मिळवला. बायकोनं आईसाठी नवी चादर, नवी उशी, सगळं मांडून ठेवलं होतं. बाहेर रणरणतं ऊन आणि आत असा गारवा की सासूबाईंनी अंगावर पांघरूण घेतलं. धाप नाही, खोकला नाही. बायको तर हवेत होती. मी मनात म्हटलं, फटशोधका, आता बस फटी शोधत.

दुपारी मी त्यांच्या खोलीत डोकावलो. सासूबाई झोपल्या नव्हत्या. काचेपाशी उभ्या होत्या आणि चौकटीच्या कडेनं बोटं फिरवत होत्या, खालून वर, पुन्हा खाली.

"काय शोधताय, आई?"

"कडी सापडत नाहीये."

मी सांगितलं की कडी नाही, ही खिडकी उघडत नाही, उघडायची गरजच नाही, ताजी हवा वरून येते. मग ती तिहेरी काच समजावून सांगितली. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. बाहेर शाळा सुटलेली, पोरं एकमेकांची दप्तरं ओढत चालली होती, तोंडं उघडत होती आणि मिटत होती. आवाज नाही. सासूबाई त्यांच्याकडे बघत होत्या.

"तिकडंही आधी अशीच होती," त्या म्हणाल्या. "मग धाकट्या जावयानं भिंत फोडून घेतली आणि उघडती बसवली. मला रस्ता ऐकल्याशिवाय दिवस जात नाही हो. त्यापायी त्याच्या पाटीवरचं एक पान गेलं म्हणे. पान म्हणजे काय असतं, जावईबापू?"

काहीतरी असतं, आई, म्हणालो.

आठवडाभर त्या राहिल्या. लेकीचं मन मोडायचं नाही म्हणून राहिल्या, हे मलाही दिसत होतं. सकाळपासून बाहेरच्या खोलीत येऊन बसायच्या, तिथली खिडकी अर्धवट उघडून. आम्ही आवराआवर करू लागलो की आपण अडचण करतोय असं वाटून पुन्हा आत जायच्या. जेवण कमी झालं. शेवटी बायकोला जवळ बसवून म्हणाल्या, घर फार छान आहे गं, पण मला तिकडेच सोडा. बायको तेव्हा रडली नाही. रात्री जेवताना मला म्हणाली, "पाटी काढून आणा आणि आईच्या पलंगावर झोपवा."

दुसऱ्या दिवशी साडू आला. पुन्हा तीच गादी खांद्यावर. मी वाट बघत होतो की आता म्हणेल, मी सांगितलं होतं. एकदा म्हणाला असता तर मी त्याला चांगला फैलावर घेतला असता, मनातलं सगळं बाहेर काढलं असतं. लेकाचा पाटीकडे बघून एवढंच म्हणाला की सुबक बसलीये.

चार दिवस मी त्या खोलीत गेलो नाही. पाचव्या दिवशी छिन्नी-हातोडा घेऊन गेलो. काच काढणं माझ्या हातचं, भिंत माझीच. पण उघडती खिडकी नीट हवाबंद बसवायची तर माणूस एकच. फोन हातात घेऊन मी अंगणात बऱ्याच फेऱ्या मारल्या. शेवटी लावला. त्यानं उचलला आणि मी काही म्हणायच्या आत म्हणाला, "खिडकी ना? रविवारी येतो. पण कडी खाली घ्या, साडूभाऊ. आईंचा उजवा खांदा वर जात नाही."

फोन ठेवून मी स्वयंपाकघरात गेलो. बायकोला विचारलं, आईंचा खांदा कधीपासून दुखतोय?

हातातलं काम थांबवून तिनं विचारलं, कुठला खांदा? तिलाही माहीत नव्हतं.