बूट चालवून पाहणारे भाऊजी

माझे भाऊजी बावीस वर्षं चालले आणि कुठेच पोचले नाहीत. बुटांच्या कारखान्यात ते परीक्षक होते. नवा जोड पायात घालायचा, मागच्या आवारात रोज पंधरा किलोमीटर फेऱ्या मारायच्या आणि सहाशे किलोमीटर भरले की पत्रकावर 'पास' किंवा 'नापास' लिहून सही ठोकायची. एका जोडाला एकच माणूस, मध्ये बदल नाही, हा नियम. एवढ्या चालण्यात पृथ्वीला दोन फेऱ्या झाल्या असत्या, पण कुंपणाच्या आतल्या फेऱ्यांचं कोणाला काय! घरी मात्र कोपऱ्यावरून दूध आणायलाही ते सायकल काढत. फुकटचं चालणं त्यांना मंजूर नव्हतं.

मग नवे साहेब आले. त्यांनी इतिहासातल्या थोर पायी प्रवाशांवरचं एक जाडजूड पुस्तक वाचलं होतं, निदान त्यातली चित्रं तरी पाहिली होती. कुणी भिक्षू ग्रंथांसाठी डोंगर-वाळवंटं तुडवत गेला, कुणी निरोप्या राजाचं पत्र घेऊन धावला. या मंडळींच्या पायात काय होतं, हे पुस्तकात नव्हतं. ती उणीव साहेबांनी भरून काढायची ठरवली. भाऊजींनी नवा जोड घालून थेट समुद्रापर्यंत चालायचं, सहाशे किलोमीटर, वीस दिवसांत. बूट मोठ्या दवाखान्यातल्या चारशे परिचारिकांसाठी होते, आणि भाऊजींची सही असलेलं पत्रक मालासोबत जायचं होतं. माझी ताई त्याच दवाखान्यात परिचारिका. दिवसाचे दहा तास ती उभी असते.

मागे गाडी. गाडीत साहेब, छायाचित्रकार आणि पाण्याचे कॅन सांभाळायला मी. एरवी मी त्याच कारखान्यात खोकी बांधतो, पण इतिहास घडवायला नातेवाईक लागतोच म्हणे.

अकराव्या दिवशी डाव्या बुटाचा तळ उघडला. भाऊजी रस्त्याच्या कडेला बसले, तळात बोट घालून पाहिलं आणि म्हणाले, "तीनशे बारा."

साहेबांनी डिकी उघडली. आत त्याच रंगाचे, त्याच मापाचे सहा जोड तयार! म्हणजे बुटावर साहेबांचाही किती विश्वास होता ते कळलं.

"बदला आणि चला. कोण बघतंय?"

"मी बघतोय ना," भाऊजी म्हणाले.

"दोन वर्षं राहिलीत तुमची. पेन्शन नको का?"

भाऊजींचा चेहरा उतरला. मला साहेबांचा भयंकर राग आला. पराक्रम म्हणून फक्त माझ्या चपला खिडकीतून पुढे केल्या. त्या एक नंबर लहान होत्या. भाऊजींनी फाटके बूट नाड्या बांधून गळ्यात अडकवले आणि टाचा बाहेर ठेवून चालू लागले. बूट हरला तरी सहाशे ठरले होते ते ठरले होते. उरलेले नऊ दिवस बुटांच्या कारखान्याचा मी माणूस गाडीत अनवाणी बसून होतो.

समुद्रावर पोचले तेव्हा त्यांच्या टाचांकडे बघवत नव्हतं. तरी साहेबांनी फोटो काढून घेतलाच. पण खाली दुसऱ्याच कंपनीच्या चपला, छातीवर फाटके बूट. कापता कापता जाहिरातीत भाऊजींचा नुसता चेहरा उरला. खाली मोठ्या अक्षरांत, 'सहाशे किलोमीटर पायी!' पाय सोडून सगळं होतं त्यात.

परतल्यावर साहेबांनी पत्रक पुढे सरकवलं. आवाजात साखर पेरून म्हणाले, "सहाशे तुम्ही चाललातच की. खोटं कुठे लिहायचंय? तेवढंच लिहा आणि सही करा."

आदल्या संध्याकाळी ताई पाळी संपवून आली होती. आधी त्यांच्या टाचांना मलमपट्टी केली, मग स्वतःचे सुजलेले पाय बादलीत सोडून बसली. पत्रकाचं ती काहीच बोलली नव्हती. बोलली असती तर भाऊजींना सोपं गेलं असतं.

भाऊजींनी पेन उचललं. अक्षर नेहमीसारखंच आलं.

'माणूस सहाशे. बूट तीनशे बारा. नापास.'

खाली सही.

दुसऱ्या दिवसापासून त्यांना कामावर यायची गरज उरली नाही. 'पास'च्या पत्रकाशिवाय दवाखान्याने माल घेतला नाही, आणि ती जाहिरातही छापायची राहिली. सकाळी ताई आपले जुनेच बूट घालून पाळीवर गेली आणि तिच्यासारख्या आणखी तीनशे नव्याण्णव जणी. त्यांतल्या एकीलाही भाऊजींचा चेहरा माहीत नव्हता.