गोदाची नाडी

हे अजून कुणाच्याच कानावर गेलेलं नाही. आईच्याही नाही – आणि आईला तर मी सहामाहीत कॉपी केली होती तेही सांगून टाकलं होतं. हे मात्र तोंडाशी येतं आणि परत जातं. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून कदाचित तुम्हाला सांगता येईल. नीट जमेल की नाही, माहीत नाही.

मी परभणीला बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. मॅट्रिकच्या पुढे गेलेली आमच्या घरातली मी पहिली. सुट्टीत गावी गेले की बायका आपापल्या पोरींना म्हणतात, "बघ, हिच्यावानी शिक." तेव्हा मी दुसरीकडे बघते. त्यांना वाटतं, पोरगी लाजाळू आहे. लाजते हे खरं, पण कशाला – राहू द्या. आधी शाळेचं सांगते.

मी नववीत असताना, दिवाळीनंतर, आमच्या शाळेत पीटीचे नवे सर आले. त्याआधी पीटीचा तास म्हणजे लिंबाच्या सावलीत बसणं, किंवा पंधरा ऑगस्ट जवळ आला की कवायत. सरांनी ते बंद केलं. त्यांनी एक वेगळीच पद्धत आणली. शिट्टी वाजली की मैदानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जीव तोडून पळायचं. मग चालत परत यायचं. दम जरा खाली बसतो न बसतो तोच पुन्हा शिट्टी, पुन्हा पळायचं. जाडी, बारकी, आजारी, आळशी – सगळ्यांनी. सर म्हणायचे, "तासभर रेंगाळण्यापेक्षा थोडंच करा, पण सगळी ताकद लावून करा. दम तर सगळ्यांनाच लागतो. तो परत किती लवकर येतो, ते बघायचं."

आणि ते बघायचं कसं, तर नाडीवरून. चालत परत आलं की जोडीदाराने गळ्याला दोन बोटं लावायची, सर घड्याळात बघून "मोजा" म्हणायचे आणि पाव मिनिटाने "बस" म्हणायचे. मग आकडा सांगायचा. मुलांचे आकडे सर स्वतः पुन्हा तपासायचे. पण मुलींचे? शाळेत एकही बाई शिक्षिका नव्हती. मुलीच्या गळ्याला सरांनी हात लावलेला गावात कुणी खपवून घेतला असता? म्हणून मुलींचा आकडा आम्ही सांगू तोच. बाकीच्या मुलींना गुदगुल्या व्हायच्या, त्या मध्येच हसायच्या, चुकायच्या. मी चुकायची नाही. गणितात माझा नंबर वरचा होता. सर म्हणायचे, "हिचा आकडा म्हणजे डोळे झाकून घ्या."

माझी जोडीदार होती गोदा.

तिच्या घरचे दरवर्षी दिवाळी झाली की ऊस तोडायला जायचे, थेट गुढीपाडव्याच्या आसपास परत यायचे. गोदाही जायची. आईबाप तोडायचे, ती मोळी डोक्यावर घेऊन ट्रकला लावलेल्या फळीवरून धावत वर चढायची, मोळी टाकून रिकामी खाली यायची, पुन्हा मोळी. शाळेतली तिची वर्षं अशी अर्धीअर्धी झालेली. मास्तर तिला कधी काही विचारायचे नाहीत, कारण तिला येणार नाही हे सगळ्यांना माहीत होतं.

मी मात्र तो सगळा हिवाळा पळाले होते. पहाटे आईबरोबर परसाकडे जायच्या निमित्ताने निघायचं, आईला बांधावर उभं करायचं आणि नांगरलेल्या रानाच्या कडेने पळायचं. आई म्हणायची, "येडी झालीस का गं? कुनी बघितलं तर काय म्हनंल?" तरी उभी राहायची. मला जिल्ह्याच्या स्पर्धेला जायचं होतं. शाळेतून मुलींच्या लांब शर्यतीला एकच जण जायची आणि ती मीच, असं मी मनात धरून चालले होते.

जूनमध्ये शाळा उघडली, आम्ही दहावीत गेलो. पहिल्या शिट्टीला गोदा माझ्या पुढे गेली. म्हटलं, पहिल्यांदा कुणीही जातं. दुसऱ्या शिट्टीलाही गेली, तिसऱ्यालाही. माझ्या डोळ्यांपुढे अंधारी येत होती आणि ती – ती हसत होती हो! वेणी तोंडात धरून पळायची, म्हणे मध्ये मध्ये येते. मी बोटं तिच्या गळ्याला लावली. गळ्यातला काळा दोरा घामाने चिकटलेला आणि त्याच्याखाली ठोके कसे, तर गोठ्यात बसलेली म्हैस रवंथ करते तसे. शांत. मी खरा आकडा सांगितला. सरांनी मान वर करून गोदाकडे बघितलं. त्यांनी माझ्याकडे तसं कधी बघितलं नव्हतं.

तुम्हाला कधी कुणाचा हेवा वाटलाय का? म्हणजे असा, की ती जेवताना दिसली तरी राग यावा? ज्वारीची भाकरी आणि ठेचा खाऊन ही पळते आणि मला आई दूध देते तरी मी मागे, याचा राग. ती माझ्यावर कधीच जळत नव्हती, याचा सगळ्यात जास्त. "तू शिकलेली, तुझं काय," एवढंच म्हणायची आणि आपल्या वाटणीची चिंच मला द्यायची. मी ती खायची.

एक दिवस सरांनी सगळ्यांसमोर सांगितलं, "जिल्ह्याला जी मुलगी जाईल तिच्यासाठी मी परभणीच्या मुलींच्या वसतिगृहात शब्द टाकतो. तिकडंच राहील, तिकडंच शिकेल." नाव घेतलं नाही, पण कुणासाठी बोलतायत ते सगळ्यांना कळलं. गोदाने घरी जाताना माझा हात धरला. "म्हंजे मग उसाला जायचं न्हाई, व्हय गं? बारा महिने शाळाच?" तिच्या हाताला घट्टे होते. मी म्हणाले, "हो." मनात काय म्हणाले, ते मी लिहू शकत नाही.

आता सांगतेच.

निवडीच्या आधीच्या आठवड्यात मी तिच्या गळ्याला बोटं लावली, नीट मोजलं, आणि मोजले होते त्यात दहा मिळवून सांगितले. एवढंच. खोटं बोलताना आवाज कापेल असं वाटलं होतं. कापला नाही.

सर म्हणाले, "पुन्हा मोज." मी पुन्हा मोजलं, पुन्हा मिळवले. दुसऱ्या दिवशीही. तिसऱ्या दिवशी सरांनी दुसऱ्या एका मुलीला मोजायला लावलं. ती अर्ध्यात चुकली, तिने घाबरून माझ्याकडे बघितलं आणि माझाच आकडा सांगून मोकळी झाली. तेव्हा मला गप्प राहण्यापलीकडे काही करावंच लागलं नाही.

"गोदा, तू खाली बस," सर म्हणाले.

"सर, मला काय बी झालं न्हाई. अजून पळते की!"

"बस म्हटलं ना बाळा. तुझा दम परत येत नाही. हृदयाचं काही असलं तर?"

ती माझ्याकडे वळली. "लय जोरात उडायलंय का गं?"

मी म्हणाले, "हो."

तिने स्वतःच्या छातीवर तळवा ठेवला. नुकतीच पळून आलेली. छाती धडधडणार नाही तर काय? "अगं माय," ती हळूच म्हणाली, "व्हय की. उडायलंय की." त्या दिवशी पहिल्यांदा मी तिला घाबरलेलं बघितलं.

सर तिच्या घरी गेले. मलाही बरोबर नेलं. दवाखान्यात दाखवा, पळू देऊ नका, असं त्यांनी समजावून सांगितलं. तिची आई काळजीत पडली. "आन् सर, उसाला न्यायचं का न्हाई मग हिला?" सर काही बोलायच्या आत तिचा बाप म्हणाला, "ऊस काय पळायलाय का माय, त्याच्या मागं पळायला?" सगळे हसले. सरही हसले. मीही हसले. दवाखान्यात कुणी नेलं नाही. दिवाळीनंतर गोदा उसाला गेली आणि शाळेत परत आली नाही. तिकडेच, कारखान्यावर आलेल्या एका टोळीतल्या घरात तिचं लग्न ठरलं.

जिल्ह्याला मी गेले. शेवटून दुसरी आले. सरांनी शब्द दिला होता, तो मात्र त्यांनी पाळला. त्या वसतिगृहात मी अजून राहते. माझी खाट, माझा दिवा, खिडकीबाहेरचा तो गुलमोहर – यातलं माझं काय आहे, हे मी स्वतःला विचारायचं टाळते.

इथे थांबले असते तरी कबुली झाली असती. पण अजून आहे.

मागच्या वर्षी नामांतराच्या बंदमुळे आमचं कॉलेज बंद पडलं म्हणून मी गावी आले होते. ताडकळसच्या बाजारात कुणीतरी मागून माझी वेणी ओढली. वळले तर गोदा. कडेवर पोरगं, मागे नवरा, गोणी खांद्यावर घेतलेला. वाळली होती. पण तसंच हसली. नवऱ्याला म्हणाली, "हीच ती, सांगत न्हवते का? कालेजात हाय आता!" मग किती बोलली, किती बोलली. "मोळी घेऊन फळीवर चढते, पर मधीच टेकते बघ मी. जास्त जोर करतच न्हाई. सासू लय टोचती, अधू पोरगी गळ्यात मारली म्हनती. म्हनू दे. जीव हाय तर समदं हाय." आणि मग माझा दंड धरून नवऱ्याला म्हणाली, "हिनं त्या वक्ताला माजं दुखनं धरलं म्हनून मी हाय. न्हाई तर त्या मैदानातच मेले असते."

नवऱ्याने गोणी खाली ठेवली आणि मला हात जोडले.

आजूबाजूला बाजार चालू होता. आमच्यापैकी कुणालाच घाई नव्हती. सांगायला मला दोन वाक्यं पुरली असती. ती माझ्याकडेच बघत होती.

मी म्हणाले, "जपत जा गं. मोळी हलकी घेत जा."

त्या दिवशी मला तिचा हेवा वाटत नव्हता. तरीही म्हणाले.